चहाचे दोन पैसे

११ जानेवारी २००३, शनिवार

आज पेपरात निविदा आली. कात्रण कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पाणी जोडण्यांच्या जुन्या नोंदी संगणकावर चढवायच्या आहेत, मराठीत. नाव, पत्ता, मीटर, जोडणी कधी दिली. पैसे दर नोंदीमागे. काम तीन वर्षांचं.

मनाशी ठरवलंय ते इथे लिहून टाकते, म्हणजे नंतर पळवाट नको. हे काम मिळालं तर ऑफिस चालू. नाही मिळालं तर एप्रिलअखेर कुलूप लावायचं आणि हिंजवडीला नोकरीला जायचं. संजूच्या मित्राची कंपनी आहे, ते घ्यायला तयार आहेत. काम काय, तर रात्रपाळीच्या मुलींना आणणाऱ्या-सोडणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लावायचं. बेचाळिसाव्या वर्षी.

ऑफिस म्हणजे तरी काय. विश्रांतवाडीतला एक गाळा, सहा संगणक, तीन मुली आणि मी. पण माझं आहे.

१५ जानेवारी

कोरी निविदा विकत आणायला कचेरीत गेले. खिडकीतल्या काकांनी आधी तिळगूळ हातावर ठेवला. मग म्हणाले, "फॉर्म संपले. उद्या या. उद्याही संपलेलेच असतील, पण या." आणि खालच्या खणातून काढून दिला. त्यांचा विनोद दरवर्षी तोच असतो, आणि मी दरवर्षी हसते.

नंतर नेहमीचा प्रश्न. "आज एकट्याच? दुसऱ्या बाई कुठायत?"

दुसऱ्या बाई म्हणजे निर्मला. निमा. वेगळं होऊन दोन वर्षं झाली, तरी प्रत्येक खिडकीत कुणीतरी विचारतंच. आम्ही दोघी खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या. आमचे वडील एकाच पाळीला जायचे. टायपिंगची परीक्षा एकत्र दिली, टाइपरायटर विकून पहिला संगणक एकत्र घेतला, पहिलं सरकारी काम एकत्र मिळवलं. पाटीवर 'एस. एन. डेटा'. एस माझा, शकुंतलाचा. एन तिचा.

वेगळं झाल्यावर रंगाऱ्याने एन खरवडला. खाली उतरून लांबून बघत म्हणाला, "बाई, मधे जागा रिकामी दिसतीये. काय टाकू?" मी म्हटलं, राहू दे. अजून तशीच आहे.

१९ जानेवारी, रविवार

संजूचा फोन, अमेरिकेतून. रविवारी सकाळी येतो, त्यांच्याकडे शनिवार रात्र असते. आठवडाभरात माझ्याशी मोठ्याने बोलणारा तोच पहिला, मुली आणि खिडकीतले काका सोडले तर.

"ताई, टेंडर-बिंडर अजून भरतात लोक?"

"सरकार काढतंय तोवर भरतात."

"तिकडे पगार फिक्स आहे. पी.एफ. आहे. कॅन्टीन आहे."

त्याला वाटतं मी हट्टाने बसलेय. आहेच थोडा हट्ट. फोन ठेवल्यावर घर फार शांत झालं. आई जाऊन चार वर्षं झाली, पण रविवारी मी अजून दोघींपुरता भात लावते. मग सोमवारी डब्यात तोच.

२३ जानेवारी

गुरुवार. सकाळी वीज गेली, संध्याकाळी येईल. यू.पी.एस. अर्धा तास ओरडला आणि गप्प झाला. मुलींना घरी पाठवलं.

अंधारात बसून जुन्या हिशेबाची पद्धत आठवत होते. दर काढताना सगळे आठवड्याचे सहा दिवस धरतात. आम्ही पाच धरायचो, कारण पुण्यात गुरुवार हा दिवसच नाही. हे निमाचं डोकं. सहा धरणारे काम घेऊन बसायचे आणि मग मुदत वाढवून मागत फिरायचे. आमचं काम वेळेत.

नंतर चहा. मुलींचा चारचा चहा ऑफिसकडून, हा माझा नियम. त्यासाठी दर नोंदीमागे दोन पैसे मी वाढवायचेच. निमा म्हणायची, "तुझ्या मुलींना सरकारने चहा पाजायचा का?" आणि शेवटी ती तीन पैसे उतरवायची. गोल आकड्याला काम मिळत नाही म्हणे, म्हणून जो दर येईल त्याच्या तीन पैसे खाली उतरायचं. मी दोन चढवायचे, ती तीन उतरवायची, दर वेळी तेवढंच भांडण. मग माझ्या हातातलं पेन ओढून घेऊन आकडा लिहायची. स्वतःचं पेन तिने कधी बाळगलं नाही. माझी किती पेनं तिच्याकडे राहिली असतील.

पुरे. मेणबत्ती संपत आली.

२९ जानेवारी

स्वारगेटच्या शेठचा फोन. शेठ म्हणजे सगळ्या प्रकारची कामं घेणारा ठेकेदार. गावची जमीन शहरात आली, तिच्या पैशावर हा आला.

"ताई, त्या पाण्याच्या नोंदीचं भरताय ना? एकटं टेंडर उघडत नाय. पयल्या टायमाला तीन लागत्यात. दोन मी देतो टाकून, चढ्या दरानं. सपोट म्हणून. तुमचं पास."

"आणि मग?"

"मंग काय, कवातरी तुमी आमाला. आपल्यात काय हाय?"

नको म्हणून सांगितलं. तो रागावला नाही. अशी माणसं रागावत नाहीत, ती थांबतात.

निमाचं आणि माझं ह्याच्यावरूनच तुटलं. ह्याच शेठला तिने आमच्या फर्मच्या नावाने एक सपोर्ट टेंडर भरून दिलं, मला न विचारता. भर हॉलमध्ये आमचं नाव वाचलं गेलं, पुढे कुणी हसेल असा दर. मी शेजारीच बसले होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सगळे करतात, शकू. दोन महिने काम नाहीये आपल्याकडे." मी म्हटलं, माझं नाव त्यात घालायचं नव्हतंस. ती म्हणाली, नाव दोघींचं आहे. मी म्हटलं, आता नाही.

एवढंच झालं. आठवड्याभरात संगणक वाटले. प्रिंटर तिने नेले, मी टेबलं ठेवली.

३ फेब्रुवारी, सोमवार

निविदा भरली. पहिल्या पाकिटात कागदपत्रं, दुसऱ्यात दर, दोन्ही मिळून तिसऱ्यात, वर लाखेचं सील. सील लावणं निमाचं काम होतं, तिचा हात बसलेला. मी बोट भाजून घेतलं आणि पाकिटावर लाखेचा नकाशा झाला. खिडकीतले काका म्हणाले, "हे काय, गळू फुटलं का?"

दर आला तसाच लिहिला. चहाचे चढवले नाहीत, काही उतरवलं नाही. भांडायला समोर कुणी नव्हतं.

५ फेब्रुवारी

निविदा उघडायच्या म्हणून हॉलमध्ये गेले आणि पहिल्याच रांगेत निमा. म्हणजे तिनेही भरलंय. खडकी बाजारात तिने छोटं ऑफिस काढलंय हे ऐकून होते. केस कापलेत. बरी दिसते. मी शेवटच्या रांगेत बसले. मधे सगळ्या रिकाम्या खुर्च्या.

मॅडम नवीन आहेत, इंजिनिअर, बोलायला कोरड्या. म्हणाल्या, "दोनच आल्यात. पहिली वेळ आहे, किमान तीन लागतात. पाकिटं न उघडता परत. फेरनिविदा काढू." विषय संपला.

जिना उतरताना निमा पुढे होती. वळून बघितलं नाही. मीही हाक मारली नाही.

घरी येताना लक्षात आलं. शेठने मला फोन केला म्हणजे तिलाही केला असणार. एका फोनवर तिला तिसरं टेंडर मिळालं असतं, चौथंही. मग आजच उघडली असती पाकिटं. तिने घेतलं नाही. मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचा राग आला.

१६ फेब्रुवारी, रविवार

विहारात दुपारी गेले, वंदना संपल्यावर. सकाळी निमा असते. तिचा आवाज सगळ्यांच्या वर जातो, लहानपणापासून. दुपारी फक्त झाडणाऱ्या मावशी असतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी पाळ्या लावून येता का गं? सकाळी ती तुझ्याबद्दल विचारते, दुपारी तू येतेस."

विचारते? मी विचारलं, काय विचारते? मावशी म्हणाल्या, "येते का, एवढंच." आणि खराटा घेऊन पलीकडे गेल्या.

२८ फेब्रुवारी

रेश्मा सोडून चालली. माझी सगळ्यात चांगली मुलगी, न बघता मराठी टाइप करते. कॉल सेंटरला लागली.

"मॅडम, सॉरी हां. पण तिकडे ए.सी. आहे, आणि कॅब एकदम घरी ड्रॉप करते. मम्मीला टेन्शन नाही."

"चारचा चहा देतात का?"

"मशीन आहे मॅडम. कितीही घ्या."

तिला पेढे दिले. ती गेल्यावर तिच्या खुर्चीवरचं उशीचं कव्हर धुवायला घरी आणलं. कशाला, माहीत नाही. राहिल्या दोघी. त्यांचंही मला दिसतंय, जाहिराती घरी नेऊन वाचतात.

१४ मार्च

फेरनिविदेची सूचना आली. या वेळी कितीही आल्या तरी उघडणार. खिडकीतल्या काकांनी फॉर्म देताना विचारलं नाही, दुसऱ्या बाई कुठायत म्हणून. उलट सांगितलं, "दुसऱ्या बाई सकाळी नेऊन गेल्या."

२३ मार्च, रविवार

आज वर्ल्ड कपची फायनल. सगळी सोसायटी टीव्हीसमोर. रस्त्यावर कुत्रं नाही. मी ऑफिसात येऊन दर काढला, असली शांतता परत कधी मिळायची.

पाच दिवसांचा आठवडा धरला. मुलींचा पगार, भाडं, वीज, कागद. दर आला दोन रुपये अडतीस पैसे. मागच्या वेळी इथेच थांबले होते. आज थांबवेना. निमाला हॉलमध्ये बघितल्यापासून डोक्यात ती सारखी बोलतेय.

मग मोठ्याने म्हटलं, चहाचे दोन. झाले दोन चाळीस. आणि तिच्या आवाजात, तिच्यासारखी मान वाकडी करून म्हटलं, "गोल आकड्याला काम मिळत नाही, शकू. उतर खाली." तीन उतरवले. दोन सदतीस. भांडणही केलं थोडं, दोन्ही बाजूंनी. मुलींनी ऐकलं असतं तर कॉल सेंटर काय, दुसऱ्या गावाला गेल्या असत्या.

आकडा मीच लिहिला. पेन कुणी ओढलं नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे म्हणाले, हरलो.

२५ मार्च

निविदा भरली. या वेळी लाख नीट बसली. काकांनी पाकीट उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "प्रगती आहे."

२९ मार्च

ताप. कालपासून पडून आहे. दूधवाल्याने बेल वाजवली, उठून दार उघडेपर्यंत गेला. औषधाच्या दुकानात फोन केला तर म्हणाले, घरी पोचवत नाही. मोबाइलमधली नावं वर-खाली करून बघितली. खिडकीतले काका. गॅस. संजू. दोघी मुली, त्यांना कशाला त्रास. निमाचं नाव अजून आहे. नावावर थांबले आणि बटण दाबलं नाही.

आजारात आई डोक्यावर हात ठेवायची. आई गेल्यावर निमा ठेवायची, तेही शिव्या देत. "काढा घे, नाहीतर मर." 

एकटं वाटतं. फार वाटतं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या बरी झाल्यावर नाही म्हणायला नको.

४ एप्रिल, शुक्रवार

नीट लिहिते.

तीन निविदा होत्या. एक बाहेरची कंपनी, आम्ही दोघी. निमा पहिल्या रांगेत, मी मधल्या. शेठ स्वतः दारापाशी उभा, त्याचं काही नसताना. मॅडमनी दराची पाकिटं एकेक फोडली. कंपनीचा दर तीन रुपयांच्या वर, तो गेलाच. मग माझं पाकीट.

"दोन रुपये सदतीस पैसे."

मग निमाचं. मॅडमनी वाचलं, परत वाचलं, चष्मा काढला.

"दोन रुपये सदतीस पैसे."

दारातून शेठ म्हणाला, "बायांनी घरी बसून ठरवलंय, दुसरं काय!" सगळे हसले.

मॅडमनी आमच्याकडे बघितलं. "ठरवून भरलंत का? सरळ विचारतेय. तसं असेल तर दोन्ही बाद करीन."

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. तेही ठरवल्यासारखंच ऐकू आलं. मग निमा उठून म्हणाली, "मॅडम, आम्ही दोन वर्षं एकमेकींशी बोललेलो नाही. कुणालाही विचारा." खिडकीतले काका मागे फाइल घेऊन उभे होते. म्हणाले, "खरंय मॅडम. मला दोघींना वेगवेगळं तेच तेच सांगावं लागतं."

मॅडम थोडं हसल्या. म्हणाल्या, पटतंय. नियम सांगितला. एक तर दोघींनी मिळून, दोघींच्या सहीने, अर्धं अर्धं काम याच दराने करायला तयार आहोत असं लिहून द्यायचं. नाहीतर ज्या त्या बाईने नवा उतरवलेला दर बंद पाकिटात द्यायचा, कमी असेल तिचं सगळं काम. दोघींची सही नसेल तर अर्ध्याचा कागद चालणार नाही. मुदत सतरा तारीख, गुरुवार, दुपारी चार.

निमा माझ्यासमोरून गेली. थांबल्यासारखी झाली. गेली.

येरवड्याच्या सिग्नलला डोक्यात उजेड पडला, आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले. गुरुवार वगळल्याशिवाय अडतीस येत नाहीत. ते ठीक, ते तिचंच डोकं. पण अडतीसमधून नुसते तीन उतरवले तर पस्तीस होतात. तिची पद्धत तेवढीच, उतरवायची. सदतीस व्हायला आधी दोन चढवावे लागतात.

तिने चहाचे दोन पैसे धरले होते. तिकडे खडकीत, एकटीने. मी नसताना.

५ एप्रिल

झोप लागली नाही. हिशेब दुसऱ्या कुठल्या वाटेने सदतीसवर येतो का, सकाळभर करून बघितला. भाडं कमी धरलं, कागद जास्त धरला. येतो, ओढून ताणून. मला ती वाट नकोय.

१० एप्रिल

गुरुवार. वीज नाही. शेठचा फोन मात्र आहे.

"ताई, येक पैसा उतरवा. येकच. काम तुमचं. त्या बाई काय गप बसणार हायत व्हय?"

"तुम्ही त्यांनाही हेच सांगितलं असेल."

"मी सगळ्यांचं भलं बघतो."

मला हसू आलं. पण फोन ठेवल्यावर तेच डोक्यात. बरोबरच आहे त्याचं, दुर्दैवाने. मी अर्ध्याचा कागद घेऊन गेले आणि तिने कमी दराचं पाकीट दिलं तर सगळं काम तिचं, माझं कुलूप. मी उतरवलं आणि ती कागद घेऊन आली तर... तिच्यासमोर ते पाकीट कसं देईन?

फोन करून विचारता येतं. माणसं विचारतात. मी दोन वेळा नंबर काढला. ती म्हणाली, "नाव दोघींचं आहे", आणि मी म्हणाले, "आता नाही". त्यानंतर फोनवर पहिला शब्द काय असतो, मला येत नाही.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून ढोल. निळे झेंडे चौकभर. दरवर्षी मंडपात सरबत वाटायला आम्ही दोघी असायचो, ती ओतायची, मी ग्लास पुढे करायचे. गेल्या वर्षी गेलेच नव्हते. आज गर्दीच्या कडेला जाऊन उभी राहिले.

निमा होती. एका हाताने ओतत होती, दुसऱ्या हाताने ग्लास देत होती, आणि सांडत होती. मला बघितलं तिने. एक ग्लास भरून टेबलाच्या कडेला ठेवला, बाजूला. कुणाला दिला नाही. मी पुढे होईपर्यंत एका पोराने उचलून पिऊन टाकला. तिने त्याला असं काही झापलं की ढोलातही ऐकू आलं. मग मिरवणूक मधे आली.

घरी येऊन खूप रडले. ग्लासासाठी. बेचाळीस वर्षांची बाई.

संजूचा फोन. हिंजवडीवाल्यांना उत्तर अठरापर्यंत हवंय.

१६ एप्रिल

अर्ध्याचा कागद टाइप केला. "आम्ही दोघी खालील सह्या करणार..." खाली दोन सह्यांच्या जागा. डाव्या बाजूला माझं नाव, उजवीकडे तिचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. तिचं नाव टाइप करायची सवय बोटांना अजून आहे. माझी सही केली. लगेच केली, नाहीतर रात्री विचार बदलला असता.

नव्या दराचा कोरा कागदही पिशवीत टाकला. टाकला, हे लिहून ठेवते.

मुलींना सांगितलं, उद्या संध्याकाळी कळेल. एक म्हणाली, "मॅडम, चहा आम्ही आणू उद्या." म्हणजे त्यांना आधीच कळलंय काहीतरी.

१७ एप्रिल, गुरुवार

कचेरीत, मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. वीज नाही. पंखे बंद. मॅडम वर मीटिंगला आहेत, चारपर्यंत येतील म्हणे. काका म्हणाले, "बसा. बसायला वीज लागत नाही."

निमा आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे तिची पर्स. मी लिहिते असं दाखवतेय, म्हणून खरंच लिहितेय.

ती पुठ्ठ्यावर काही कागद घेऊन बसलीये. सगळ्यात वरचा दिसतो. नव्या दराचाच आहे. छापील मजकूर भरलेला, दराची जागा कोरी. ती नेहमी शेवटच्या मिनिटाला भरते. पाकीट शेजारी, अजून उघडं.

पण माझ्याही पिशवीत तोच कागद आहे.

काकांनी दोन कप चहा आणून बाकावर मधोमध ठेवला. "ऑफिसचा आहे, पैसे नको," म्हणाले, आणि निघून गेले.

निमा कपाकडे बघत म्हणाली, "गुरुवार वगळला होतास?"

दोन वर्षांतला पहिला शब्द.

"वगळला."

"चहा?"

"धरला. आणि मग तुझे तीन उतरवले."

ती म्हणाली, "मला वाटलं तू चहाचेच ठेवशील फक्त. चाळीस येईल तुझं. मी तुझ्या खाली असेन." मग म्हणाली, "आणि तरी मी चढवले. मूर्खासारखे." आवाज चिरकला तिचा. तो सगळ्यांच्या वर जाणारा आवाज.

मी पिशवीतून अर्ध्याचा कागद काढला. कपांच्या मधे ठेवला. एकीकडे माझी सही, दुसरीकडे कोरं. तिने उचलला. वाचतेय. दोनदा वाचलं असेल आतापर्यंत. चेहऱ्यावर काही नाही, टेंडर वाचताना तिच्या चेहऱ्यावर कधीच काही नसतं. माझा कागद तिने आता तिच्या कागदांवर ठेवलाय. पुठ्ठ्यावर दोन्ही आहेत, एकावर एक.

जिन्यावर मॅडमचा आवाज येतोय. काका म्हणतात, "चला, चार वाजले, जे काय असेल ते द्या."

चहा तसाच राहिला.

निमाने माझ्याकडे न बघता हात पुढे केलाय. म्हणतेय, "पेन दे."

माझ्याकडे हे एकच आहे. देते.